द्रवाचं नाव पुरत नाही

(स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी इथे जमतो, त्या सरांच्या हाताखाली मी शिकलो. त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलेल्या एका प्रयोगापासून सुरुवात करतो, कारण पुढची चाळीस वर्षं मी जे काम केलं ते सगळं त्या एका प्रयोगात होतं.

सरांनी एक लोखंडी खिळा घासून लख्ख केला, त्याला दोरा बांधला आणि पाणी घालून पातळ केलेल्या नायट्रिक ॲसिडमध्ये सोडला. द्रव खदखदू लागला, तांबूस धूर निघाला, खिळा बघता बघता झिजू लागला. तसाच दुसरा खिळा त्यांनी संहत नायट्रिक ॲसिडमध्ये सोडला. काही झालं नाही. जास्त जहाल ॲसिडमध्ये खिळा स्वस्थ होता. मग तोच खिळा त्यांनी अलगद वर घेतला आणि पहिल्या, पातळ ॲसिडमध्ये उतरवला. तरीही शांत! आम्ही पोरं टेबलाभोवती दाटीनं उभी होतो. सरांनी काचेची कांडी घेतली, खिळ्यावर एक बारीक ओरखडा काढला, आणि क्षणात तो खिळाही पहिल्यासारखा खदखदू लागला.

"लोखंड तेच, ॲसिड तेच. मग बदललं काय?" एवढंच विचारून सर थांबले. उत्तर त्यांनी पुढच्या तासाला दिलं.

उत्तर असं की संहत ॲसिडमध्ये पडताक्षणी लोखंड गंजलंच होतं. पण त्या गंजण्यातून पृष्ठभागावर ऑक्साइडचा इतका पातळ आणि घट्ट थर बसला की पुढचं गंजणं थांबलं. ओरखड्यानं तो थर फोडला. १८३६ साली बाझलच्या श्योनबाइन यांनी या चमत्काराबद्दल मायकेल फॅरेडे यांना पत्र लिहिलं, तेव्हा फॅरेडे यांनीही हेच सुचवलं होतं, की लोखंडाच्या पृष्ठभागाचं ऑक्सिडीकरण झालं असावं. आज ज्याला आपण स्टेनलेस म्हणतो त्या पोलादाची सारी प्रतिष्ठा अशाच थरावर उभी आहे. किमान साडेदहा टक्के क्रोमियम असलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडची साय धरते. तिची जाडी काही नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे काही दशलक्षांश. स्टेनलेस स्टील गंजत नाही असं आपण बोलतो, पण खरं सांगायचं तर ते एकदा गंजून थांबलेलं असतं. तो थांबा टिकला तर धातू टिकतो.

उद्योगात द्रवांचा प्रवाह मोजणाऱ्या उपकरणांसाठी, म्हणजे फ्लोमीटरसाठी, धातू कसा निवडावा हा माझा आजचा विषय आहे. मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. गंजरोधक धातू असा काही नसतो. धातूची गंजरोधक अवस्था असते, आणि ती अवस्था त्या द्रवाच्या नावावर नाही, त्या द्रवाच्या अख्ख्या दिनक्रमावर ठरते.

आता फॅरेडे यांच्याकडेच परत जाऊ, कारण प्रवाह मोजण्याची एक मोठी पद्धतही त्यांच्याच शोधातून आली. चुंबकीय क्षेत्रातून वाहक पदार्थ सरकला की त्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे त्यांनी १८३१ मध्ये दाखवलं. मग त्यांच्या मनात आलं, की नदीचं पाणी हाही वाहकच आहे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तर सगळीकडे आहे. तेव्हा थेम्स नदीच्या दोन काठांमध्ये विद्युतदाब मिळायला हवा. जानेवारी १८३२ मध्ये त्यांनी लंडनच्या वॉटर्लू पुलाच्या कठड्यावरून ९६० फूट लांबीची तांब्याची तार ताणली, तिच्या दोन्ही टोकांना धातूचे मोठे पत्रे लावून ते नदीत सोडले आणि मध्ये गॅल्व्हानोमीटर जोडला. काटा हलला, पण भलतासलता. भरती-ओहोटीशी त्याचा मेळ बसेना. कारणं त्यांनी स्वतःच नोंदवून ठेवली आहेत: दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या शुद्धतेत फरक, तापमानात फरक, पत्र्यांमधला बारीकसा फरक, डाखाचा फरक. त्यांनी पुलाच्या मधल्या कमानींखालचंच पाणी घेऊन पाहिलं. तांब्याचे पत्रे काढून प्लॅटिनमचे लावले. तीन दिवस खटपट करूनही समाधानकारक निकाल मिळाला नाही.

मित्रहो, तांबं काढून प्लॅटिनम लावणं ही फ्लोमीटरच्या इतिहासातली धातूची पहिली निवड म्हणता येईल. तत्त्व बरोबर होतं, नदी वाहत होती, मोजणारा माणूस त्या काळातला सर्वांत कुशल प्रयोगकर्ता होता. आडवा आला तो धातू आणि पाणी यांच्यामधला व्यवहार. इलेक्ट्रोड हा शब्द त्यानंतर दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, फॅरेडे यांनीच रूढ केला. पुढे स्वित्झर्लंडमधले बेनेडिक्टाइन पंथाचे फादर बोनाव्हेंचुरा थ्युर्लेमान यांनी १९४१ मध्ये पाइपमधल्या द्रवासाठी ही पद्धत मांडली आणि १९५२ मध्ये नेदरलँड्समधल्या एका कंपनीनं असा मीटर बाजारात आणला. पुलावरच्या प्रयोगाला तेव्हा १२० वर्षं झाली होती.

आपल्या कारखान्यांत ज्याला सगळे मॅगमीटर म्हणतात तो हाच. पाइपच्या आत रबराचं किंवा टेफ्लॉनचं लायनर, बाहेर चुंबकीय कॉइल, आणि लायनरमधून आत डोकावणारी दोन इलेक्ट्रोडची टोकं. द्रव सेकंदाला एक मीटर वेगानं वाहत असेल तर मिळणारा विद्युतदाब फार तर काही मिलिव्होल्ट असतो, अनेकदा तेवढाही नसतो. याउलट धातू द्रवात बुडला की रासायनिक कारणानं त्याच्यावर जो दाब येतो तो शेकडो मिलिव्होल्ट असू शकतो. चुंबकीय क्षेत्र ठरावीक लयीत उलटसुलट करून आपण खरा संकेत वेगळा काढतो. पण इलेक्ट्रोडचा पृष्ठभागच क्षणाक्षणाला बदलत असेल, म्हणजे तो गंजत असेल, तर ही युक्तीही लंगडी पडते आणि आकडा नाचू लागतो. तेव्हा इलेक्ट्रोड गळायला लागल्यावरच बिघडला असं समजू नका. त्याच्या पुष्कळ आधी तो खोटं बोलायला लागलेला असतो.

पाइप आणि सेन्सर यांच्यातला हा फरक तरुण इंजिनिअरांनी नीट समजून घ्यावा. पाइप निवडताना आपण गंजासाठी जादा जाडी धरतो. वर्षाला ०.१ मिलिमीटर झीज असेल तर तक्त्यात त्या धातूपुढे "उत्तम" असा शेरा असतो, आणि तीन मिलिमीटर जादा जाडी दिली की तीस वर्षं निघतात. आता हाच धातू ऑरिफिस प्लेटला, म्हणजे प्रवाह मोजण्यासाठी पाइपमध्ये आडव्या बसवलेल्या भोकाच्या चकतीला, लावा. त्या प्लेटचं सगळं काम तिच्या भोकाच्या धारदार कडेवर चालतं. कडेची गोलाई भोकाच्या व्यासाच्या ०.०००४ पटीहून जास्त असू नये, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. पन्नास मिलिमीटरच्या भोकाला ही मर्यादा येते ०.०२ मिलिमीटर. वर्षाला ०.१ मिलिमीटर या "उत्तम" गतीनं ढोबळ हिशेबात अडीच महिने! धार गेली की प्रवाह असतो त्याहून कमी दिसतो. ॲसिडच्या लाइनवर कमी दिसणं म्हणजे रिॲक्टरमध्ये प्रत्यक्षात जास्त जाणं. पाइपच्या तक्त्यानं सेन्सर निवडला तर असं होतं. नळीच्या थरथरीवरून प्रवाह मोजणाऱ्या कोरिऑलिस मीटरमध्ये तर ती नळी सतत थरथरत असते. तिच्यात सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला तरी थरथरीनं तिथूनच चीर जाते, त्यामुळे तिथे झिजेला जागाच नाही.

बरं, तक्ते चुकीचे असतात का? नाही. ते विचारलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर देतात. प्रश्न अपुरा असतो.

सल्फ्युरिक ॲसिड घ्या. ९८ टक्क्यांचं ॲसिड साध्या लोखंडी, आपल्या भाषेत एमएसच्या टाकीत बिनघोर ठेवतात, तसल्याच टँकरमधून नेतात. लोखंडावर सल्फेटचा थर बसतो आणि तो आतल्या धातूला राखतो. पण वेग सेकंदाला मीटरभराच्या वर गेला की हा मऊ थर धुऊन निघतो. पाणी मिसळलं की मात्र तेच ॲसिड लोखंड खायला लागतं आणि वर हायड्रोजन सोडतं. कोकणातल्या कारखान्यांत जुलै-ऑगस्टमध्ये टाकीच्या श्वासनळीतून ओलसर हवा आत शिरते, वरचा थर पातळ होतो आणि टाकी नेमकी द्रवाच्या पातळीला कड धरून खाल्ली जाते. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आता या लाइनवर ३१६ एल स्टेनलेसचा मीटर बसवला. ९८ टक्क्यांना, नेहमीच्या तापमानाला तो चालतो. अगदी पातळ, थंड ॲसिडलाही बऱ्यापैकी चालतो. मधल्या तीव्रतांना तो चालत नाही. कागदावर सगळं ठीक आहे, कारण डेटाशीटवर "सल्फ्युरिक, ९८ टक्के" एवढंच लिहिलं आहे. पण शटडाऊनला लाइन पाण्यानं धुतात ना? ज्या दिवशी लाइन धुतात त्या दिवशी ९८पासून शून्यापर्यंतचा प्रत्येक टक्का त्या मीटरमधून जातो, आणि मिसळण्याच्या उष्णतेनं गरम होऊन जातो.

क्लोरीनची गोष्ट याहून विलक्षण आहे. मिठाच्या पाण्याचं विद्युत विघटन करून क्लोरीन निघतो तेव्हा तो ओला असतो. ओला क्लोरीन लोखंड आणि स्टेनलेस दोन्ही खातो, पण टायटॅनियमला हात लावत नाही. पुढे सल्फ्युरिक ॲसिडनं तो वाळवतात. वाळलेला क्लोरीन साध्या लोखंडी पाइपमधून सुखानं जातो, आणि टायटॅनियम मात्र त्यात पेट घेतं. अक्षरशः जळतं, तेही खोलीच्या तापमानाला. टायटॅनियमचा रक्षक थर टिकायला थोडं पाणी लागतं. पाणी नाही तर थर नाही. एकाच कारखान्यात, पन्नास-साठ पावलांच्या अंतरावर, एकाच नावाच्या वायूसाठी योग्य आणि घातक या दोन धातूंच्या जागा अदलाबदल होतात. "क्लोरीनला टायटॅनियम चालतं का?" या प्रश्नाला म्हणूनच उत्तर नाही.

आता एक अनुभव सांगतो. कारखान्याचं नाव सांगण्याचं कारण नाही. तिथे हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या लाइनवर मॅगमीटर होता. डेटाशीटवर लिहिलं होतं, "एचसीएल ३० टक्के, तापमान ३५ अंश." कठीण रबराचं लायनर, जे या ॲसिडला पिढ्यान्पिढ्या वापरलं जातं. काही महिन्यांनी तक्रार आली की मीटर जास्त दाखवतो आणि टाकीत कमी उतरतं. आम्ही कॉइल तपासली, अर्थिंग तपासलं, ट्रान्समीटर बदलला. फरक पडेना. शेवटी रात्रपाळीचा एक वयस्क ऑपरेटर म्हणाला, "साहेब, हे बाजारातलं ॲसिड नाही. आपलंच आहे. याला गोडसर वास येतो." त्या एका वाक्यानं गाठ सुटली. शेजारच्या प्लांटमध्ये क्लोरिनेशन चालायचं, त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइड पाण्यात शोषून हे ॲसिड बनायचं. त्यात मूळ प्रक्रियेतल्या टोल्युइनसारख्या सॉल्व्हंटचा अंश राहायचा. तो ॲसिडच्या हिशेबी नगण्य होता, पण रबराच्या हिशेबी नव्हता. मीटर खोलला तर लायनर फुगून आत आलं होतं. भोक लहान झालं, त्यामुळे वेग वाढला, आणि बिचारा मीटर जुन्याच व्यासाचा हिशेब करत जास्त प्रवाह दाखवत राहिला. तिथे आम्ही टेफ्लॉनच्या कुळातल्या पीएफएचं लायनर आणि टँटलमचे इलेक्ट्रोड बसवले. पण मला सांगायचं आहे ते त्या ऑपरेटरबद्दल. डेटाशीट भरताना त्याला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. आणि त्याला सगळं माहीत होतं.

अशा आगंतुक अंशांची यादी मोठी आहे. शुद्ध हायड्रोक्लोरिक ॲसिडला हॅस्टेलॉय बी उत्तम, पण त्याच ॲसिडनं कुठल्या तरी लोखंडी तुकड्यातून फेरिक आयन उचलले तर तोच मिश्रधातू झपाट्यानं जातो. तापमानाचंही तसंच: थंड कॉस्टिकला एक ओरिंग चालते, गरम कॉस्टिकला ती ठिसूळ होते. हे सगळं इथे सांगत बसत नाही, पुस्तकांत मिळेल.

पुस्तकांत सहसा न मिळणारी गोष्ट वेळेची आहे, आणि ती आपल्या स्वयंपाकघरात मिळते. मराठीत "कळकणं" असं एक क्रियापद आहे. पितळी भांड्यात ताक किंवा आमटी राहिली की ती कळकते. धातू आणि अन्न यांच्यामधल्या क्षरणासाठी आपल्या आज्यांनी एक स्वतंत्र शब्द घडवला होता, यातच त्यांचं निरीक्षण किती बारीक होतं ते दिसतं. माझी आजी पितळी पातेल्याला कल्हई करून घ्यायची. कल्हईवाला भाता मारायचा, नवसागर टाकायचा, कथलाचा हात फिरवायचा आणि पातेलं आतून चांदीसारखं व्हायचं. पण कल्हई असली तरी आजी आमटी रात्रभर त्यात ठेवायची नाही. झाली की काढून घ्यायची. लोणचं तर धातूच्या जवळ न्यायचीच नाही, ते चिनी मातीच्या बरणीत. म्हणजे "आंबट पदार्थाला पितळ चालतं का" असा तिचा प्रश्न नव्हता. किती वेळ, गरम की गार, कल्हई कुठे घासली गेली आहे का, हे सगळं ती एका नजरेत विचारायची. कारखान्यात आपण लाखो रुपयांचा मीटर घेतो आणि यातलं एकही विचारत नाही.

त्यातून काय होतं, ते एका नव्या प्रकल्पात पाहिलं. खाडीच्या जवळची जागा. स्टेनलेसची लाइन टाकून झाली, कोरिऑलिस मीटर बसले. दाबाची चाचणी घ्यायची म्हणून लाइन पाण्यानं भरली. टँकरचं गोडं पाणी वेळेवर आलं नाही, म्हणून बोअरचं घेतलं, आणि त्या बोअरला खाडीचा मचूळपणा होता. चाचणी पास झाली. पाणी काढायचं राहिलं. मधे पावसाळा, मग कंत्राटदाराचा वाद, असे काही महिने गेले. सुरू करायच्या दिवशी मीटरच्या नळीतून बारीक धार लागली. आत खड्डे पडले होते. त्या मीटरनं अजून प्रक्रियेतल्या द्रवाचा एक थेंबही पाहिला नव्हता!

क्लोराइड हा स्टेनलेसच्या थराचा वैरी. तो सगळीकडून हल्ला करत नाही, एखादी कमजोर जागा गाठून तिथे खड्डा पाडतो, आणि खड्ड्याच्या आत स्वतःसाठी आंबट, क्लोराइडनं भरलेली वस्ती तयार करतो. वाहतं पाणी ती वस्ती धुऊन नेऊ शकतं. साचलेलं पाणी तिला पोसतं. ३१६ एल मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम घालतात ते याचसाठी. क्रोमियमचे टक्के, अधिक मॉलिब्डेनमच्या ३.३ पट, अधिक नायट्रोजनच्या १६ पट, असा एक अंक काढतात. ३१६ एलचा तो साधारण २४ येतो, डुप्लेक्स २२०५चा ३५च्या आसपास. जितका मोठा तितकी खड्ड्यांना टक्कर अधिक. क्रम लावायला हा अंक चांगला, पण महिनोन्महिने साचलेल्या मचूळ पाण्याची जबाबदारी तो घेत नाही. ती लाइन रिकामी करून कोरडी ठेवणाऱ्या माणसाची आहे.

दूध डेअरीत हेच वेगळ्या रूपात दिसतं. दूध निरुपद्रवी. पण दूध गेल्यावर त्याच मीटरमधून कॉस्टिक, नायट्रिक ॲसिड, गरम पाणी आणि कधी हायपोक्लोराइट फिरतं. मीटर बिघडतो तो हायपोक्लोराइटनं, आणि कागदावर लिहिलेलं असतं "दूध". तसंच पीटीएफईचं, म्हणजे टेफ्लॉनचं. जवळजवळ कुठल्याही रसायनाला न जुमानणारा हा पदार्थ रॉय प्लंकेट यांना १९३८ मध्ये अपघातानं सापडला. त्याच्या लायनरला रसायन मारत नाही. लाइन वाफेनं धुतात, दोन्हीकडचे व्हॉल्व्ह बंद करतात, वाफ थंड होऊन आत निर्वात होतो आणि लायनर पिशवीसारखं आत ओढलं जातं. म्हणून जिथे वाफ आहे किंवा निर्वात आहे तिथे आतून पोलादी जाळीचा आधार असलेलं पीएफए घ्यावं.

आता शेवटचा भाग, आणि मला स्वतःला सर्वांत प्रिय असलेला. अजिबात न गंजणारा धातू घेतला तर प्रश्न मिटतो का?

प्लॅटिनम घ्या, फॅरेडे यांनी शेवटी जवळ केलेलं. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये प्लॅटिनमला काहीही होत नाही. पण पेरॉक्साइडला होतं. प्लॅटिनमच्या स्पर्शानं ते फुटून ऑक्सिजन सोडतं, इलेक्ट्रोडवर बुडबुड्यांचा फेस चढतो आणि मीटर बरळू लागतो. हायपोक्लोराइटमध्ये निकेलयुक्त मिश्रधातू घातले तर निकेलचे अंश त्या द्रवाचं विघटन घडवतात. धातूनं द्रवाला सोसणं पुरेसं नाही, द्रवानंही धातूला सोसायला हवं.

आणि टँटलम. स्वीडनच्या एकेबर्ग यांनी १८०२ मध्ये त्याला हे नाव दिलं, ग्रीक कथेतल्या टँटलसवरून. गळ्यापर्यंत पाण्यात उभा, पण पाणी पिऊ न शकणारा तो राजा. ॲसिडमध्ये बुडवलं तरी ॲसिड न घेणारा पदार्थ म्हणून हे नाव. हायड्रोफ्लोरिक ॲसिड, ओलियम आणि गरम तीव्र कॉस्टिक सोडलं तर टँटलमला जवळजवळ काही लागत नाही. महाग आहे, पण मॅगमीटरमध्ये द्रवाला शिवणारं इलेक्ट्रोडचं टोक नखाएवढं असतं. तिथे काटकसर करणं मला पटत नाही.

तरी टँटलमही फसतं. एका ठिकाणी लाइन प्लॅस्टिकची होती, म्हणून द्रवाला अर्थिंग मिळावं यासाठी फ्लँजमध्ये धातूच्या रिंगा घातल्या होत्या. इलेक्ट्रोड टँटलमचे, विचार करून मागवलेले. रिंगा ३१६च्या, कारण मागणीपत्रात त्यांचा उल्लेख नव्हता आणि स्टोअरमध्ये त्याच होत्या. ॲसिडनं रिंगा खाल्ल्या. एवढंच झालं असतं तर रिंगा बदलल्या असत्या. पण अशा वेळी द्रव आणि अर्थिंग यांच्यातून हलका धातू आणि भारी धातू यांची बॅटरी जुळू शकते. हलका धातू विरघळतो, भाऱ्यावर हायड्रोजन सुटतो आणि टँटलम तो हायड्रोजन शोषून ठिसूळ होतं. ज्याला ॲसिड काही करू शकत नव्हतं, त्याला शेजारी मारतो. हंफ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये जहाजांच्या तळाच्या तांब्याला जस्त आणि लोखंड जोडून वाचवलं ते याच बॅटरीच्या जोरावर. तिथे तिनं राखलं, इथे तिनं मोडलं. तेव्हा द्रवाला शिवणारा प्रत्येक तुकडा, रिंग, गॅस्केट, ओरिंग, एकाच कागदावर लिहा आणि एकत्र बघा.

जाता जाता आपल्या मातीचा एक धागा. १७९४ मध्ये मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी भारतीय वूट्झ पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. त्या पोलादाचं कुतूहल तिथे पंचवीस वर्षं टिकलं. तरुण फॅरेडे यांनी १८१९ मध्ये वूट्झचं विश्लेषण केलं आणि जेम्स स्टोडार्ट यांच्याबरोबर पोलादाच्या मिश्रधातूंवर काम सुरू केलं. पोलाद, प्रवाह आणि तो रक्षक थर, या तिन्ही वाटांवर हाच माणूस भेटतो, हे मला फार उशिरा उमगलं. सरांना ते माहीत असणार.

तर मग निवड करायची कशी? शक्य असेल तिथे द्रवालाच विचारा. एका कारखान्याच्या सांडपाण्याच्या लाइनवर मीटर हवा होता. त्या पाण्यात काय काय येतं हे कुणालाच सांगता येईना, कारण ते रोज बदलायचं. आम्ही बगल देणारी एक छोटी लाइन काढली आणि तिच्यात टेफ्लॉनच्या वॉशरांवर चार धातूंच्या चकत्या टांगल्या: ३१६ एल, डुप्लेक्स, हॅस्टेलॉय सी-२७६ आणि टायटॅनियम. नव्वद दिवस ठेवल्या. त्या काळात जे जे घडायचं ते घडू दिलं: रविवारचं साचणं, धुणं, एकदा पंप बंद पडणं. मग काढून, घासून, वजन केलं. चारही चकत्यांच्या वजनात म्हणण्यासारखी घट नव्हती. ३१६ एल तर आरशासारखी चमकत होती, आणि किमतीत सगळ्यांत स्वस्त. परचेसच्या माणसानं तिच्यावर खूण करायला पेन काढलं होतं.

आम्ही तिला भिंगाखाली धरलं. वॉशर जिथे टेकला होता, त्या गोलाच्या आत, जिथे पाणी शिरतं पण फिरत नाही, तिथे एक काळसर ठिपका होता. सुई घातली, आत गेली. मीटरमध्ये इलेक्ट्रोड लायनरला जिथे टेकतो तिथे नेमकी हीच फट असते. आम्ही सी-२७६ घेतलं.

ती चकती मी आज बरोबर आणली आहे. इथे टेबलावर ठेवतो, भिंगही आहे. मुलांनो, आधी नुसत्या डोळ्यांनी बघा, मग भिंगातून.